नसलेला देश कागदावर उभा करताना: नकाशा, फाटा, वर्तमानपत्र आणि रेडिओ

काल्पनिक देश रचायला बसणारे बहुतेक जण झेंड्यापासून सुरुवात करतात. मग राजांची वंशावळ, मग राष्ट्रगीत, आणि पंधरा दिवसांत वही कपाटात. पुढचं काही सुचत नाही, कारण झेंडा काही पिकवत नाही, विकत नाही, कुणाकडे उधार मागत नाही. देश उभा राहतो पाण्यावर, पिकावर आणि कर्जावर. वाचकाला तो पटतो कशामुळं? सरकीचा भाव, बंद पडलेल्या गाडीची सूचना, नाटकाचं फाटकं पोस्टर असल्या कागदांमुळं. म्हणून इथला क्रम असा: आधी जमीन, मग इतिहासाला फुटलेला फाटा, आणि शेवटी त्या देशातले कागद आणि आवाज.

उदाहरणं विदर्भातली घेतली आहेत. गावात राहून हे काम करणाऱ्याकडे एक मोठी सोय असते. वावर, पांदण, नाला, आठवडी बाजार हे सगळं पायाखालचं असतं, ते कल्पनेनं रचावं लागत नाही. नवख्यानं भूमी खरी ठेवावी आणि फक्त देश काल्पनिक करावा. पूर्ण नवा खंड, नवे डोंगर, नवे ऋतू हे दुसऱ्या खेपेचं काम आहे.

काय काय लागेल

- दोनशे पानी वही, पेन्सिल, बटर पेपरचे पाच-सहा ताव.
- जिल्ह्याचा नद्या-डोंगर दाखवणारा नकाशा. संगणक असेल तर क्यूजीआयएस हे नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर आणि ३० मीटरचा एसआरटीएम उंचीचा डेटा. नसेल तर छापील नकाशावर बटर पेपर ठेवून गिरवलं तरी भागतं.
- जिल्हा गॅझेटियर. राज्य शासनाची मराठीत आहेत, इंग्रजांच्या काळातली इंटरनेटवर फुकट मिळतात. पिकं, बाजाराचे दिवस, दर, रस्ते, दुष्काळ हे सगळं त्यात सापडतं.
- गावाचा नकाशा आणि जमल्यास निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांची नक्कल. गावातली चराई, लाकूडफाटा, पाणी, वाटा यांवर कुणाचा हक्क होता हे त्यात लिहिलेलं असतं. काल्पनिक गावाचे कायदे रचायला यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही.
- कालपट्टीसाठी कोणतीही स्प्रेडशीट.
- चित्रासाठी इंकस्केप किंवा गिम्प, आवाजासाठी ऑडॅसिटी. तिन्ही फुकट. नुसता मोबाईल असला तरी वर्तमानपत्राचं पान आणि रेडिओची ध्वनिफीत होते, नकाशाचं काम तेवढं हातानं करावं लागतं.
- युनिकोड देवनागरी फॉन्ट. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर कचरा होऊन उघडतो.

## १. पाणी कुठं जातं ते आधी बघा

बटर पेपरवर फक्त नद्या काढा. गावं नकोत, सीमा नको. पश्चिम विदर्भातली पूर्णा पश्चिमेकडे जाऊन तापीला मिळते. वर्धा मुलताईकडून निघून आग्नेयेला उतरते, पैनगंगेला पोटात घेते, पुढं वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. म्हणजे एकाच वऱ्हाडात पडलेला पाऊस अर्धा अरबी समुद्रात आणि अर्धा बंगालच्या उपसागरात जातो. या दोन खोऱ्यांमधल्या पाणलोटाच्या रेषेवर देशाची सीमा सहज बसते.

नवख्यांच्या नकाशात तीन चुका हमखास असतात. नदीला खाली जाताना दोन फाटे फुटतात. खरं तर नद्या मिळत जातात, फुटतात त्या मुखाशी किंवा सपाट गाळाच्या पट्ट्यात. तळ्याला दोन बाजूंनी दोन नद्या निघतात. आणि सीमा नदीच्या मधोमध काढली की काम झालं असं वाटतं. नदी लष्कराला अडवते, पण बाजार जोडते. दोन्ही काठांचे लोक एकाच बाजाराला जातात, सोयरीक करतात. सीमा नदीवर ठेवायचीच असेल तर तिथं नाका, नाकेदार आणि चोरटी वाहतूक आलीच. ते लिहायची तयारी ठेवा.

मग मातीचे पट्टे रंगवा. काळी कसदार जमीन म्हणजे पऱ्हाटी (कापूस). भंडारा-गोंदियाकडे धान, बोड्या (लहान तळी), मालगुजारी तलाव. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा, जिथं विहिरीचं पाणी खारट. असला एक अडथळा मुद्दाम देशात ठेवा. गोडं पाणी कुणाच्या ताब्यात, या एका प्रश्नावर तुमच्या देशाचं अर्धं राजकारण उभं राहतं.

शेवटी गावं. बैलबंडी ताशी तीन-चार किलोमीटर चालते. सकाळी निघून बाजार करून दिवेलागणीला परत यायचं, तर आठवडी बाजार आठ-दहा किलोमीटरच्या आत हवा. बाजाराची गावं या हिशेबानं ठिपक्यांसारखी मांडा आणि प्रत्येकाला वार द्या. शेजारशेजारच्या दोन बाजारांना एकच वार देऊ नका, व्यापारी तेच असतात.

नाव ठेवण्याआधी ते आधीच कुणाचं तर नाही ना, एवढं बघा. पूर्णेकाठच्या देशाला ‘पूर्णाथडी’ म्हणावंसं वाटेल, पण पूर्णाथडी ही इकडची भुरकट म्हैस आहे आणि अकोल्याचा वाचक पहिल्याच ओळीला हसेल. इथं पुढं उदाहरणासाठी ‘पूर्णाकाठ’ हे नाव वापरलं आहे.

## २. फाटा एकच निवडा

खरा इतिहास सोडून तुमचा इतिहास जिथून निघतो तो फाटा. विदर्भात फाटे भरपूर आहेत. १८०३ ची आडगावची लढाई आणि त्यापाठोपाठ पडलेला गाविलगड. १८१७ ची सीताबर्डीची लढाई. १८५३ तर दुहेरी आहे. मे महिन्यात निजामानं वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलं, डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी वारसाविना गेले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं. १९०२ ला वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे गेलं. राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं १९५५ ला वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती अमलात आली नाही.

चांगला फाटा ओळखायच्या तीन खुणा आहेत. गोष्ट खरोखर दोन्हीकडे झुकू शकत होती. बदल लहान आहे. आणि त्याचा पैशाशी संबंध आहे. लढाईचे फाटे आकर्षक दिसतात, पण ‘आडगावला भोसले जिंकले’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी तोफांचं, पगाराचं, शिंद्यांचं काय, हे सगळं अंगावर येतं. नवख्यानं तह, कर्ज, वारसा, रेल्वेची आखणी असले कागदी फाटे घ्यावेत.

पूर्णाकाठचा फाटा असा: हैदराबाद कंटिन्जंट या, निजामाच्या खर्चानं चालणाऱ्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या खर्चाचं देणं निजामानं १८५३ ला चुकतं केलं, त्यामुळं वऱ्हाड कंपनीकडे गेलंच नाही.

एका वाक्यात मावत नाही तो फाटा मोठा झाला असं समजा. आणि दोन फाटे एकत्र घेऊ नका. ‘देणं फिटलं आणि नागपूरही खालसा झालं नाही’ असं केलं की कोणता परिणाम कशाचा, हे तुम्हालाच कळेनासं होतं.

## ३. पडसाद: प्रत्येक बदलामागं ‘पैसे कुणी दिले?’

इथं घाई करू नका, सगळं काम याच पायरीत आहे. स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने करा: वर्ष, काय झालं, कशामुळं, कुणाचा फायदा, कुणाच्या खिशातून, आणि याचा पुरावा म्हणून कोणता कागद उरला. शेवटचा रकाना लोक गाळतात. पुढं वर्तमानपत्र करायला बसलं की त्याचीच गरज पडते.

पूर्णाकाठची साखळी करून बघू.

निजामाच्या खजिन्यात रोकड नव्हती. मग देणं फिटलं कसं? सावकारांनी दिलं. सावकार फुकट देत नाही, त्यानं वसुलीचा इजारा (मक्ता) घेतला. म्हणजे इंग्रजी अमलात वऱ्हाडात झालेली रयतवारी मोजणी इथं झाली नाही. कास्तकाराच्या नावावर जमीन चढली नाही, इजारदार बसला.

१८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, इकडचा भाव कडाडला. हे तुमच्या फाट्यानं बदलत नाही, अमेरिका लांब आहे. पण तो पैसा कुणाच्या घरात गेला ते बदलतं. पूर्णाकाठात तो इजारदाराच्या वाड्यात गेला. म्हणून १८६५ ला भाव कोसळला तेव्हा बुडालेही आधी इजारदार, आणि त्यांनी वसुलीचा जोर वाढवला. पहिला शेतकरी उठाव इथं ठेवता येतो, त्याला कारण शोधत बसावं लागत नाही.

आता रेल्वे. प्रत्यक्षात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) भुसावळकडून शेगाव, अकोला, बडनेरा, वर्धा असं करत १८६७ ला नागपूरला पोचली, आणि १८७० ला खामगावच्या कापूसबाजारासाठी शाखामार्ग निघाला. पूर्णाकाठात तो मुलूख परक्या दरबाराचा आहे. जमीन, पोलीस, जकात या प्रत्येकाचा करार हवा. दहा-बारा वर्षं उशीर धरा. तोवर कापूस कसा जातो? रेल्वेआधी तो वणजाऱ्यांच्या बैलांवर लादून दूर गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत जायचा. तुमच्या देशात तांड्यांचा धंदा आणखी एक पिढी टिकतो. ही नोंद सोन्यासारखी आहे, कारण तिच्यातून पात्रं, गाणी, जकातनाके, भांडणं सगळं निघतं.

आणखी एक पाऊल. जीआयपीचा रूळ १६७६ मिलिमीटरचा. निजामाच्या मुलखातली गोदावरी खोऱ्याची लाइन १००० मिलिमीटरची मीटरगेज. मूर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूरची शकुंतला ७६२ मिलिमीटरची. पूर्णाकाठात दरबारानं मीटरगेज टाकली तर सीमेवरच्या स्टेशनात कापसाची प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागेल. तिथं शेकडो हमाल आले. हमालांची संघटना आली. संप आला, संपाचं पत्रक आलं. कर्जाच्या एका कागदापासून निघून आपण संपाच्या पत्रकापर्यंत पोचलो आणि मधली एकही कडी हवेत नाही.

दर दहा वर्षांना चार-पाच नोंदी पुरतात. फाट्यानंतरची पहिली वीस वर्षं दाट भरा, पुढं विरळ. नवखे उलटं करतात: १८५३ नंतर थेट १९५० ला उडी मारून आगगाड्या आणि विमानं काढतात. मग मधलं काही विचारलं की गप्प.

## ४. काय बदलायचं नाही

पाऊस बदलू नका. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ तुमच्याही देशात येतील, फक्त ते कसे सोसले गेले हे वेगळं असेल. इजारदारी आहे, रेल्वे तोकडी आहे, मग धान्य पोचायला उशीर. दुष्काळ गाळणारे लेखक आपल्या लाडक्या देशाला जपत असतात आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. जातीची उतरंड, सावकारी, बाईच्या नावावर जमीन नसणं, याचंही तसंच. ‘आमच्या देशात हे नव्हतं’ असं लिहायचं असेल तर ते कुणी, कधी, कुणाचा विरोध मोडून संपवलं, तेवढ्या ओळी कालपट्टीत हव्यात.

रोगराई वाहतुकीबरोबर येते. १८९६ ला मुंबईत आलेला प्लेग रेल्वेमार्गानं पसरला. रेल्वे कमी असेल तर तो उशिरा पोचेल. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ मात्र चुकवता येत नाही.

माणसांबाबत साधा नियम: फाट्यानंतर जन्मलेली खरी माणसं तुमच्या इतिहासात नाहीत. १८५३ नंतर जन्मलेला कोणताही पुढारी, लेखक, संत पूर्णाकाठात आणू नका. आधी जन्मलेल्यांना आणता येतं, पण दहा-पंधरा वर्षांपुरतंच बरं. त्यापुढं ते काय बोलले असते याची जबाबदारी तुमच्यावर येते.

## ५. पैसा, वजन, साल, बोली

याची एक वेगळी पानभर यादी करून भिंतीला लावा. चुका इथंच पकडल्या जातात.

पैसा: आपल्याकडे १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. त्यानंतर शंभर नवे पैसे. पूर्णाकाठ निजामाकडे राहिला म्हणजे तिथं निजामाचा रुपया, म्हणजे हाली सिक्का चालणार आणि वर्धेपलीकडे इंग्रजी रुपया, म्हणजे कलदार. हैदराबादेत नंतरच्या काळात साधारण ७ हालींना ६ कलदार मिळत. सीमेवरच्या गावात प्रत्येक भाव दोन नाण्यांत लिहा, पान एकदम जिवंत होतं.

वजन: किलो १९६२ ला सक्तीचा झाला. त्याआधीच्या जाहिरातीत शेर, मण, तोळा. धान्य पायलीनं.

साल: शके काढायला इसवी सनातून ७८ वजा, पाडव्याआधीच्या महिन्यांत ७९. दक्षिणेतली फसली (महसुलाचं साल) काढायला ५९० किंवा ५९१ वजा. फसली वर्ष कोणत्या महिन्यात लागतं ते राज्यागणिक वेगळं, म्हणून एकदा ठरवा आणि लिहून ठेवा.

बोली: निजामाच्या दरबाराची भाषा आधी फारसी, १८८० च्या दशकात उर्दू. म्हणजे पूर्णाकाठची सरकारी सूचना उर्दूत, खाली मराठी भाषांतर, आणि त्या मराठीत दरखास्त, तामील, तहसील यांची गर्दी. हाताने लिहिलेलं सगळं मोडीत. प्रमाण मराठी तरी पुण्याची कशावरून? या देशाची प्रमाण मराठी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ अशीच असू शकते. पण मग ते सगळीकडे पाळा. अग्रलेखातही ‘सरकारले विचारतो’ असंच यायला हवं. बोली फक्त विनोदी पात्राच्या तोंडी घालायची असेल तर न वापरलेली बरी.

## ६. पहिला कागद: साप्ताहिकाचं एक पान

पहिल्यांदा वर्तमानपत्रच करा. त्यात सगळं लागतं आणि चित्रकला येत नसली तरी चालतं.

मापं. डेमी ताव १७.५ × २२.५ इंच. मधोमध घडी घातली की चार पानं, प्रत्येक ११.२५ × १७.५ इंच. २०० डीपीआयला हे २२५० × ३५०० पिक्सेल होतं. चार किंवा पाच स्तंभ, मध्ये बारीक उभी रेघ.

मजकूर. पहिल्या पानावर बारा-तेरा बातम्या पुरेत. एक विलायतेची, दोन राजधानीच्या, सहा-सात तालुक्याच्या, उरलेल्या भाव, पाऊस आणि गाड्यांच्या वेळा. जागेचा तिसरा हिस्सा जाहिरातींना. त्या काळच्या कित्येक पत्रांत पहिलं पान जाहिरातींचंच असे, तेही चालेल.

सगळ्यांत मोठा सापळा: बातमी वाचकाला इतिहास शिकवू लागते. ‘१८५३ ला देणं फिटल्यामुळं स्वतंत्र राहिलेल्या आपल्या पूर्णाकाठात...’ असं कुणी आपल्याच गावच्या पत्रात लिहीत नाही. तिथल्या माणसाला ते माहीतच आहे. तो लिहील: ‘सरहद्दीवरील ठेसनांत गांठी चढविण्याची मजुरी दर गांठीस दोन पै वाढवून मिळावी म्हणून हमाल लोकांनी सोमवारपासून काम बंद ठेविलें आहे. जिनवाल्यांनीं कलदारांत मजुरी देण्याचें नाकारलें.’ एवढ्यात सीमा, रूळबदल, दोन नाणी आणि संप सगळं आलं, आणि समजावलं काहीच नाही.

वरच्या ओळींतले अनुस्वार मुद्दाम आहेत. १९६२ चे लेखननियम येईपर्यंत छापील मराठीत नाहीं, कांहीं, तें, केलें असे न उच्चारले जाणारे अनुस्वार असत. १९३० च्या पानावर ‘केले’ छापलं की पान खोटं पडतं. उलट प्रत्येक शब्दावर टिंब देऊनही चालत नाही. त्या काळचं एखादं खरं छापील पान समोर ठेवून शब्द न् शब्द ताडून घ्या. तुमच्या देशात नियम कधी बदलले तेही कालपट्टीत टाका, की पुढच्या पानांचा प्रश्न मिटला.

छपाई. तालुक्याच्या छापखान्यात जुळारी एकेक खिळा उचलून मजकूर जुळवत असे. यातून काही गोष्टी आपोआप ठरतात. मोठ्या टाइपाचे खिळे थोडे, म्हणून एकाच पानावर मोठे मथळे दोन-तीनच. फोटोला झिंकचा ठसा लागतो, तो शहरात करून आणावा लागतो. म्हणून तोच फोटो वर्षानुवर्षं वापरला जातो, माणूस म्हातारा झाला तरी चेहरा तिशीतला. रंग फार तर एक जास्तीचा, तोही दिवाळी अंकाला. शाई कुठं दाट, कुठं फिकी. पण पिवळट डाग, जळक्या कडा, सुरकुत्या असलं तयार टेक्स्चर सगळ्या पानावर पसरू नका. जुनं पान घडीवर फाटतं आणि उजेड लागलेल्या कडेला पिवळं पडतं, मधलं बरंच शाबूत असतं.

फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत का बघा. काही फॉन्टमध्ये सॉफ्टवेअरची भाषा ‘मराठी’ केली की ती वळणं आपोआप येतात. एआयकडून अख्खं पान बनवून घेण्याच्या भानगडीत पडू नका, जोडाक्षरं मोडलेली येऊ शकतात. चित्र हवं तर घ्या, अक्षरं स्वतः टाइप करा.

जाहिरातींत काळ तपासा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. त्याआधीच्या पत्त्यात सहा आकडे दिसता कामा नयेत.

## ७. नाटकाचं पोस्टर

पूर्वेकडचा देश घेतला तर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांसारखा नमुना दुसरा नाही. वडसा-देसाईगंजात नाटक मंडळ्यांची कार्यालयं, दिवाळीनंतर हंगाम, गावात मंडई (जत्रा) किंवा शंकरपट (बैलांच्या शर्यती) असला की रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. पोस्टरवर मंडळाचं नाव नाटकाच्या नावाएवढंच मोठं, तारीख-वार, पटांगण, आयोजक मंडळ, तिकिटाचे दर.

काल्पनिक नाटकाचं नाव काय ठेवावं यावर डोकं खाजवण्यापेक्षा ते लोक कशावर रडत असतील ते ठरवा. पूर्णाकाठात इजारदारानं वावर गिळलेल्या घराची गोष्ट पन्नास वर्षं चालेल. पोस्टरच्या तळाशी ‘विजेची सोय’ असं छापलं की वीज नुकतीच आली आहे हे कळतं. नाव, वेळ, दर आणि असली एक तळटीप झाली की थांबा. कथासार पोस्टरवर नको.

## ८. रेडिओ आणि दूरचित्रवाणी

रेडिओचं वेळापत्रक हा सगळ्यांत स्वस्त माल आहे, एका तासात होतो. आकाशवाणीसारख्या तीन सभा धरा: सकाळ, दुपार, संध्याकाळ. मध्ये केंद्र बंद. चोवीस तास कार्यक्रम लावणारे इथंच फसतात. बाजारभाव, हवामान, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम यांच्या वेळा शेतातून परतण्याच्या वेळेशी जुळवा.

फ्रिक्वेन्सी: १९७८ पासून आपल्या भागातली मध्यम लहर ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं आहे. नागपूरचं ५८५ म्हणजे ९ × ६५. तुमच्या केंद्राला ६२० दिलं तर जाणकार हसेल. ६२१ द्या.

ध्वनिफीत करताना ऑडॅसिटीत आवाज मोनो करा, १०० हर्ट्झच्या खालचं आणि साधारण ४५०० च्या वरचं कापा. खरखर फार थोडी. जवळच्या केंद्राचा आवाज स्वच्छच येत असे. खरखर वाढवायची ती रात्री, परक्या देशाचं केंद्र लावल्यावर, आणि तेव्हा आवाज हळूहळू बारीक-मोठा व्हायला हवा. निवेदकाचं वाचन संथ ठेवा. घाईत वाचलेली बातमी आजची वाटते.

दूरचित्रवाणीची ओळखचिन्हं सगळ्यांना करायची असतात, म्हणून आकडे देतो. आपल्याकडची पाल पद्धत ६२५ ओळींची, सेकंदाला २५ चौकटी, पडदा ४:३. फाइल ७६८ × ५७६ ठेवा. आठ सेकंदांच्या ओळखचिन्हाला २०० चौकटी होतात. सेकंदाला ३० चौकटींचा व्हिडिओ केला की हालचाल अमेरिकन दिसते. नाव आणि चिन्ह कडेपासून दहा टक्के आत, कारण जुन्या पडद्याच्या कडा झाकल्या जात. भारतात रंग १९८२ ला आला. तुमचा देश त्याआधी रंगीत करायचा असेल तर संच कोण विकत घेतो ते सांगा. व्हीएचएसची आडवी पट्टी आणि रंगाचा घोळ हा घरी रेकॉर्ड केलेल्या फितीचा दोष आहे, केंद्रातून निघणाऱ्या चित्राचा नाही. रेकॉर्डिंग कुणाच्या घरी, कोणत्या साली झालं हे ठरलं नसेल तर तो फिल्टर लावू नका.

## ९. शिक्का मारल्याशिवाय बाहेर सोडू नका

काल्पनिक बातमीचं पान कुणीतरी कापून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतंच. म्हणून ‘काल्पनिक’ हा शब्द चित्राच्या कोपऱ्यात ठेवू नका, तो कापला जातो. मथळ्याच्या पट्टीत, वर्तमानपत्राच्या नावाखालीच बसवा. जिवंत माणसाचं नाव, चालू पक्ष, खऱ्या गावात दंगल, खऱ्या धरणाची फूट, असलं काही पानावर नको.

अशोकस्तंभ वापरू नका, राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. चालू नोटेसारखी दिसणारी नोट छापणं गुन्हा आहे. काल्पनिक नोट करायची तर आकार, रंग, मांडणी सगळं वेगळं ठेवा आणि एकाच बाजूला छापा. आजच्या भारताच्या नकाशावर नव्या सीमा ओढून फिरवू नका. भारताच्या बाह्य सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशापेक्षा वेगळ्या छापण्यावर १९६१ च्या कायद्यात शिक्षा आहे. फक्त नद्या-डोंगर असलेला, स्वतः काढलेला नकाशा घ्या, त्यावर साल लिहा आणि आजूबाजूचे देश कोरे सोडा.

## १०. तपासणी आणि जपणूक

पान झालं की ते इतिहास माहीत नसलेल्या माणसाला द्या आणि काही न सांगता तीन प्रश्न विचारा: हा देश काय विकतो, इथं कोण नाराज आहे, पान कोणत्या सुमाराचं वाटतं? तिन्हींची उत्तरं जवळपास आली तर पान जमलं. पहिल्याचं उत्तर आलं नाही तर बातम्या राजधानीच्याच झाल्यात, तालुक्याच्या वाढवा. तिसरं चुकलं तर पाचव्या पायरीची यादी पुन्हा काढा. गावातल्या एखाद्या जुन्या शिक्षकांना किंवा पटवारकीतून निवृत्त झालेल्या काकांना दाखवलं तर शब्दांच्या चुका फटाफट निघतात. त्यांना आणे-पै आणि फसली तोंडपाठ असण्याची शक्यता तुमच्यापेक्षा जास्त.

फाइलचं नाव साल आधी टाकून द्या: ‘१९३१_साप्ताहिक_पान१_मुख्य’. शेवटचा शब्द महत्त्वाचा. पुढं कधीतरी खुद्द पूर्णाकाठच्या इतिहासालाच फाटा फोडावासा वाटेल. हमालांचा संप यशस्वी झाला असता तर? इजारदारी वीस वर्षं आधी गेली असती तर? तो खेळ खरोखर मजेचा आहे, पण मुख्य कालपट्टीत निदान तीस नोंदी आणि चार-पाच कागद तयार झाल्यावरच करा. दुसऱ्या फाट्याच्या फाइलींना ‘मुख्य’ऐवजी ‘फाटा-अ’ लावा, कालपट्टीचं वेगळं पान करा आणि मुख्य पानातल्या नोंदी तिथं नक्कल करू नका, फक्त फाट्यापासून पुढचं लिहा. नक्कल केली की पुढच्या दुरुस्त्या एका पानात होतात, दुसऱ्यात राहतात, आणि महिन्याभरात कोणता संप कोणत्या देशात झाला हे सापडेनासं होतं.